घरी कुणाला सांगून आलाय?

वेल्हे येथील तहसील कचेरीच्या आवारात, झेंड्याच्या खांबाच्या उजव्या हातास माझे टेबल आहे. मध्यंतरी तालुक्याचे नाव बदलून राजगड झाले, कचेरीवरची पाटी बदलली, माझ्या अर्जांच्या मथळ्यातील एक शब्द बदलला; टेबल मात्र जागचे हलले नाही. या टेबलावर मी वारसनोंदीपासून वीजजोडणीपर्यंत सर्व प्रकारचे अर्ज लिहिले. शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला, असे सांगणारा मनुष्य या खोऱ्यात सापडणार नाही. इतक्या अर्जांमध्ये 'विषय : डोंगरावर फिरावयास जाणेबाबत' हा विषय मात्र मी एकाच माणसाच्या सांगण्यावरून लिहिला, आणि तो वर्षानुवर्षे लिहिला.

ते निवृत्त कोतवाल होते. कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावातला शेवटचा माणूस. तलाठ्याच्या नोटिसा घरोघर पोचविणे, दवंडी देणे, पंचनाम्यासाठी पंच गोळा करणे ही त्याची कामे. खोऱ्यातील अर्धी घरे डोंगराच्या कुशीत, त्यामुळे सरकारचा प्रत्येक कागद यांच्या पायांनी चालत जाई. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी होती. धरणाचे पाणी चढले तशी वाडी वर सरकली आणि तेही वर सरकले. सर्व जण त्यांना आबा म्हणत. ते मला 'रायटर' म्हणत. खुशीत असले तर 'रायटरसायेब'.

उंच, वाळलेला देह. निवृत्तीनंतरही खाकी सदरा अंगातून उतरला नाही. हातात काठी असे, पण ती टेकताना मी त्यांना कधी पाहिले नाही. तिचा उपयोग ते दिशा दाखविण्यासाठी करीत. चालताना ओठ हलत, त्यामुळे नवख्या माणसाला ते जप करीत आहेत असे वाटे. प्रत्यक्षात ते पावले मोजीत असत. कचेरीच्या फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत एकसष्ट पावले होती. कुणी मोटारसायकल आडवी लावली आणि त्यांना वळसा पडला, तर ते तोंड वाकडे करून म्हणत, "आज पासष्ट झाली. कचेरी लांब चाललीय, रायटर."

निवृत्तीनंतर त्यांनी एक विलक्षण उद्योग आरंभिला. राजगड पाहण्यास पुण्याहून जी मंडळी येतात, त्यांच्या सहलीची आखणी ते करून देऊ लागले. मोबदला म्हणून ते एकच गोष्ट मागत, ती म्हणजे परत आल्याची खबर. मात्र आखणी तोंडी चालत नसे. ती माझ्या टेबलावर लिहून व्हायची, आवक शाखेत तिची पोच घ्यायची, आणि शिक्का मारलेली प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आबांच्या घरातील पत्र्याच्या पेटीत जायची. आवक कारकुनाने सुरुवातीस हरकत घेतली. या कागदाचे मी काय करू, असे त्याने विचारले. आबा म्हणाले, "काय करू नगंस. निस्ता शिक्का मार. तुज्या जन्माच्या आदीपासनं म्या हितल्या कागदाचं वजं वाहिलंय, आता माजा येक कागद तुमी वागवा." त्यानंतर हरकत आली नाही.

कागदाचे स्वरूप त्यांनीच ठरविले होते. प्रारंभ कोठून, मार्ग कोणता, खाली उतरण्याची वेळ काय, आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना : 'घरी कुणाला सांगून आला.' हा रकाना भरल्याशिवाय ते कुणाला पाऊल उचलू देत नसत.

एकदा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतील सहा-सात तरुण मंडळी आली. त्यांची म्होरकी एक चुणचुणीत मुलगी होती. तिने मोबाईलवर दोन दिवसांचा तक्ताच करून आणला होता. तो तिने आम्हांला वाचून दाखविला. "शनिवारी सकाळी भोर. राजवाडा अर्धा तास. मग रोहिडा किल्ला. रात्री धरणाकाठी तंबू. रविवारी पहाटे राजगड, दुपारी तोरणा, संध्याकाळी पुणे."

आबांनी डोळे मिटून ऐकले. "राजवाड्याला अर्दा तास?"

"हो, बाहेरूनच बघायचाय."

"आन् जेवनाला?"

"जेवायला दीड तास ठेवलाय."

"म्हंजी राजापरीस रस्सा मोटा." मंडळी हसली. आबा हसले नाहीत. "बरं, आन् त्यो तोरना कशापायी घातलाय?"

"इथवर येतोच आहोत, तर होऊन जाईल."

"बाय, तोरना तुज्या आज्याच्या आदी हुता, तुज्या नातवालाबी ऱ्हाईल. त्याला घाई न्हाई. येका दिशी दोन गड माकडंबी करत न्हाईत." त्यांनी काठीने माझ्या कागदावर टकटक केले. "लिवा रायटर. शनवार भोर. राजवाडा निवांत. भोरातनं हिंडायचं, नदीवर जायाचं, रातच्याला हितं मुक्काम. आयतवार राजगड. रोयडा, तोरना फुडल्या वर्सी."

मुलीने थोडी घासाघीस केली, पण तक्ता अर्ध्यावर आला. मग रकाना आला.

"घरी कुनाला सांगून आलीस?"

"आईला." ती किंचित घुटमळली. "म्हणजे, ऑफिसची मीटिंग आहे म्हणून सांगितलंय."

आबांनी माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि टेबलावर आडवे ठेवले. "मग तुजं नाव ह्यात बसत न्हाई."

शेवटी तिला माझ्या बाकड्यावर बसून घरी फोन करावा लागला. पलीकडचे बोलणे आम्हां सर्वांना स्वच्छ ऐकू येत होते आणि ते गौरवाचे नव्हते. मुलीचे कान लाल झाले. आबांनी फोन मागून घेतला, कानापासून वीतभर दूर धरला आणि दवंडीच्या आवाजात म्हणाले, "ताई, म्या हितला कोतवाल. आयतवारी सांजंला सा वाजता पोरगी खाली आसंल. न्हाई आली तर फोन म्या करीन, तुमी करायचा न्हाई. भाजी करपंल तुमची."

रविवारी सहाला दहा मिनिटे असताना ती मंडळी खाली उतरली. उतरणाऱ्या प्रत्येकाने आबांसमोर उभे राहून 'आलो' किंवा 'आले' म्हणावयाचे, आणि मग आबा त्याच्या नावावर रेघ मारणार, हा त्यांचा नेम होता. सगळ्यांच्या नावांवर रेघा मारून झाल्यावर ते म्हणत, "सुटलो."

या रकान्याचा उगम मला बऱ्याच उशिरा समजला. जेवणाच्या सुट्टीत कचेरी ओस पडली होती. आम्ही दोघेच बाकड्यावर होतो आणि त्यांनी आपणहून सांगितले. नोकरीत असताना एका वाडीवर नोटीस बजावण्यास जाताना कड्याच्या वळणावर त्यांना एक कापडी पिशवी दिसली. आत फडक्यात बांधलेली भाकरी, पाण्याची बाटली आणि नवे कोरे पायमोजे. माणूस खाली दरीत सापडला. नाव नाही, पत्ता नाही. "तीन दिस म्या ती पिशवी मांडीवर घिऊन यष्टी ष्टँडवर बसलो. म्हनलं कुनीतरी हुडकत यील. कुनी आलं न्हाई. मागनं कळलं, त्याची बायकू तिकडं माहाडात हुडकत हुती. त्यो तिला कोकनात जातो म्हनला हुता." एवढे बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पिशवी हुती, रायटर. दियाला मानूस न्हवतं."

आता मार्गाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढची सर्व हकिकत मार्गाची आहे. आलेली मंडळी गुंजवण्याच्या वाहनतळावर गाड्या लावीत. तेथून सर्व जग ज्या पायवाटेने गड चढते, तिने आबा कुणाला जाऊ देत नसत. ते सर्वांना उलट खाली, धरणाच्या पाण्याच्या काठाशी नेत. बुडालेल्या वाडीची जुनी वाट तेथे पाण्यातून वर येते. काही अंतरापर्यंत तिच्या पायऱ्या पाण्याखाली दिसतातही. "हितनं चालायला लागायचं," ते म्हणत, "आदी माज्या दारावरनं, मग म्हाराजांच्या."

ही वाट चढत एका मोठ्या बसक्या शिळेपाशी येते. तिला म्हातारीचा दगड म्हणतात. तेथून पुढे ती धनगरवाड्यावरच्या दोन घरांशी जाते आणि त्यानंतर गडाच्या वाटेला मिळते. आबा मंडळींना म्हातारीच्या दगडापर्यंत पोचवीत, पुढच्या खुणा त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेत आणि ती परत येईपर्यंत दगडावर बसून राहत. दगडाच्या वर मात्र ते स्वतः जात नसत. पाय मजबूत होते, दमा नव्हता. तरी जात नसत. मला वाटे, वयाचा हट्ट असेल.

खरे कारण मला धनगरवाड्यावरच्या मावशींनी सांगितले. या मावशी रोज त्या वाटेने दुधाची किटली घेऊन खाली उतरत आणि रविवारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ताक देत. त्या म्हणाल्या, "बायकू हुती तवर ह्यो मानूस डोंगरावर जाताना तिला समदी वाट सांगून जायाचा. ती चुलीम्होरं बसून म्हनून दाखवायची. ती गेली. तवाधरनं दगडाच्या वर पाय ठेवला न्हाई त्यानं. म्हनतो, घरी सांगाया मानूस न्हाई, मग माजाच नेम म्या कसा मोडू? म्या म्हनलं, मला सांग की. तर म्हनतो, तू वरच्या अंगाची. मानूस खालचं लागतं."

यानंतर दगडाच्या वरची जमीन शहरातील कुणा गृहस्थांनी विकत घेतली. बंगल्यांची योजना होती असे म्हणत. एके सोमवारी मावशी किटली घेऊन उतरू लागल्या, तर म्हातारीच्या दगडाच्या वीस पावले वर काटेरी तारेचे कुंपण आणि त्यात कुलूप घातलेले फाटक. राखणदार म्हणाला, ही खासगी मालमत्ता आहे, वाट नाही. धनगरवाड्यावरच्या दोन घरांना खाली यायचे तर आता डोंगराची सबंध सोंड वळसून यावे लागणार होते. दूध नासणार, आजारी माणूस झोळीतून आणायचा तर दिवस मोडणार. आबांच्या सहली तर दगडापाशीच संपल्या.

मी मावशी आणि आबा यांच्या नावे तहसीलदारांकडे अर्ज लिहिला. वहिवाटीच्या वाटेत कुणी अडथळा केला, तर तो दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र वाट वापरात होती, हे अर्जदाराने दाखवावे लागते. मी आबांना मोठ्या भरवशाने म्हणालो, "आबा, पुराव्याची काळजी करू नका. तुमच्या पेटीतील कागद आणा. इतक्या वर्षांचे, शिक्क्यानिशी, माझ्या हस्ताक्षरातील. असा पुरावा या कचेरीने पाहिला नसेल."

सुनावणीच्या दिवशी तो जाडजूड गठ्ठा मी स्वतः तहसीलदार मॅडमसमोर ठेवला. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मला आबांच्या वाटेइतकाच माझ्या अक्षराचा अभिमान वाटत होता.

जमीनमालकाच्या वकिलांनी वरचा कागद उचलला आणि शांतपणे वाचला. "प्रारंभ : मौजे गुंजवणे, वाहनतळ. मार्ग : मौजे गुंजवणे ते किल्ले राजगड, प्रचलित पायवाट." दुसरा उचलला, तिसरा उचलला. सर्वांत तेच. "मॅडम, यात या वाटेचा उल्लेखच नाही. ही सर्व मंडळी वाहनतळावरून, सर्वांच्या पायवाटेने गेली, असे अर्जदार स्वतःच वर्षानुवर्षे लिहून देत आहेत. हे आमच्याच बाजूचे कागद आहेत. ते दाखल केल्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी गठ्ठ्यावरून नजर उचलली नाही.

कारण आबांनी मला प्रत्येक वेळी पाण्याच्या काठापासून वाड्यापर्यंतची प्रत्येक खूण नीट सांगितली होती. लिहिताना मी ती गाळली होती. दगड, झरे, झाडे आणि कपारी यांची ती नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, गावनकाशावर नाहीत. शासकीय पोच घ्यावयाच्या कागदावर 'म्हातारीचा दगड' शोभत नाही, असे माझे पक्के मत होते. म्हणून मी दप्तरातील शुद्ध नावे घातली. मौजे म्हटले, प्रचलित म्हटले. कागद भारदस्त झाला असे मला वाटले. आबांनी तो कधी वाचून पाहिला नाही. चार यत्ता शिकलेले होते, वाचता येत होते. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले होते, "अक्षर तुमचं, शिक्का सरकारचा. मग म्या काय वाचायचं?"

मॅडमनी स्थळपाहणीचा दिवस नेमला आणि सुनावणी आटोपली. आम्ही बाहेर आलो. मावशी मला फाडून खातील असे वाटले होते, पण त्या झेंड्याच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आबा माझ्या बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "म्हातारीचा दगड लिवायला काय जड हुतं वो?"

"सरकारी कागदात तो बसत नाही, आबा."

"दगड हाये की जाग्यावर. आमची म्हातारीबी बसायची त्याच्यावर." त्यांनी काठी उचलली. "बरं. आता झालं ते झालं. पाहनीला यनार न्हवं तुमी?"

ते रागावले असते तर मला हलके वाटले असते. माझ्या धंद्यात मनुष्य जे सांगतो ते नीट मांडून देणे हेच काम असते. मी मांडताना त्यांची वाटच पुसून टाकली होती. आणि हे मी चारचौघांत कबूल केले, तर उद्या माझ्या टेबलावर कोण विश्वासाने येऊन बसेल, ही भीतीही होती. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागले नाही.

पाहणीच्या सकाळी मॅडम, मंडल अधिकारी, वकील, मालकांचा व्यवस्थापक, मावशी, आबा आणि काखेत फाईल घेतलेला मी, असे सर्व पाण्याच्या काठाशी जमलो. डोंगर चढण्याची ती माझी पहिलीच वेळ. या खोऱ्यात जन्म जाऊनही मी गडावर कधी गेलो नव्हतो. तशी गरज पडली नव्हती. म्हातारीच्या दगडापर्यंत पोचताना माझा श्वास भात्यासारखा वाजू लागला. मी दगडावर बसलो, तो उठण्याची शक्यता दिसेना.

"काय वो रायटर," मावशी म्हणाल्या, "फायलीचं वजन जास्त झालं जनू."

व्यवस्थापकाने फाटकाचे कुलूप काढले. मॅडम आबांना म्हणाल्या, "चला, पुढची वाट तुम्हीच दाखवा."

आबा हलले नाहीत.

"आबा, चला."

"मॅडम, म्या हितनं वर जात न्हाई."

वकिलांच्या चेहऱ्यावर हसू आले. "अर्जदाराला पुढची वाट ठाऊक नाही, असेच नोंदवावे का?"

"ठाव हाये. डोळं बांधून जाईन."

"मग अडचण काय आहे?" मॅडमनी विचारले.

आबांनी मान खाली घातली. सरकारी अधिकाऱ्यासमोर मान खाली घालण्याची त्यांना नोकरीपासूनची सवय होती, पण हे तसे नव्हते. "घरी कुनाला सांगून आलो न्हाई," ते म्हणाले.

मंडल अधिकारी गोंधळून मॅडमकडे पाहू लागले. व्यवस्थापक घड्याळ पाहू लागला. मावशींनी कपाळावर हात मारला. "आरं देवा, आज तरी नेम सोड की रं आबा! जलमभर आमी सोंड वळसून जायाचं का?"

आबा हलले नाहीत. आणि मला दिसले की हा मनुष्य आता हलणार नाही. वाट जाईल, पण तो हलणार नाही.

"आबा," मी म्हणालो. "मला सांगून जा."

त्यांनी वळून पाहिले.

"मी खालचाच आहे. वर येण्याची माझी ताकद नाही. तुम्ही येईपर्यंत मी येथेच बसतो. कोठून कोठून जाणार ते सांगा. लिहून घेतो."

"सांगतो तसं लिवनार?"

"सांगाल तसे."

ते दोन पावले जवळ आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी फाईलवर कोरा कागद घेतला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलू लागले, आणि मग ते बोलू लागले. मी लिहू लागलो. "म्हातारीच्या दगडापासनं तीस पावलांवर वाकडा ऐन, जुनं झाड हाये. ऐनाच्या डाव्या अंगानं रेड्याची पाठ, काळा कातळ हाये, पावसात निसरतं. म्होरं शंबर पावलं, तीन घोटाचं पानी. झरा बारका हाये, तीन घोट घेतलं की वाईच थांबावं लागतं. तिथनं पाटलाची दमनूक. येक पाटील पाहनीला आल्ता, तिथं बसला त्यो उठलाच न्हाई, पाळन्यात घालून खाली न्हेला." मावशी हसल्या. मॅडमही हसल्या. "मग उंबराच्या पायऱ्या, मोजून अकरा. मग हाळीचा माळ. हितनं हाक मारली का वाड्यावरनं वो येती. मग वाडा."

मी लिहिले. 'दमनूक' लिहिताना हात 'विश्रांतिस्थान' लिहावयास निघाला होता. तो मी आवरला.

"मॅडम, माझी हरकत आहे," वकील म्हणाले. "ही नावे आज लिहिली जात आहेत. इतक्या वर्षांच्या कागदांत ती का नव्हती?"

मॅडमनी प्रश्न माझ्याकडे वळविला. "का नव्हती?"

दगडावर बसल्या बसल्या मी हात जोडले. "मॅडम, आबांनी ती दरवेळी सांगितली होती. मी गाळली. दप्तरात नाहीत म्हणून मला ती हलकी वाटली. चूक अर्जदाराची नाही, लिहिणाऱ्याची आहे. तसा जबाब मी लिहून देतो."

मॅडमनी माझ्या हातातील कागद मागून घेतला. "ठीक आहे. कागद माझ्याजवळ राहील. आबा, तुम्ही काही बोलायचे नाही. पुढे चालायचे आणि प्रत्येक खुणेपाशी थांबायचे. कागदाशी जुळते का ते मी पाहते."

आबा माझ्यासमोर ताठ उभे राहिले, नोटीस बजावताना राहत असतील तसे. "रायटर, म्या चाललो. बारा वाजता हितं यीन." आणि कित्येक वर्षांनंतर त्यांनी दगडाच्या वर पाय ठेवला.

मी एकटा उरलो. आपण कुणासाठी तरी थांबलो आहोत, ही जाणीव वेगळीच असते. काम काहीच नसते आणि उठताही येत नाही. खाली धरणाचे पाणी चकाकत होते. कुंपणापलीकडून अधूनमधून बोलणे ऐकू येई, मग तेही थांबले. पुष्कळ वेळाने वरून, फार लांबून आबांची दणदणीत हाळी आली, आणि तिच्यामागे कुणा बाईची बारीक 'वो'. मी ओळखले : हाळीचा माळ.

बाराला पाच मिनिटे असताना आबा उतरले. सर्वांच्या पुढे होते. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "आलो."

"पायऱ्या किती भरल्या?" मी मॅडमना विचारले.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. कागद त्यांनी पंचनाम्यास जोडण्यासाठी ठेवून घेतला होता. तो पुढे करून त्यांनी मला त्यावर आबांच्या नावावर रेघ मारू दिली.

"आन् तुमी?" आबांनी अचानक मला विचारले. "तुमी घरी कुनाला सांगून आलाय?"

मी बायकोला कचेरीत जातो असे सांगून निघालो होतो. आबांनी काठीने माझ्या खिशातील मोबाईल दाखविला. मंडल अधिकाऱ्यांदेखत मला फोन लावावा लागला.

"अगं, मी डोंगरावर आहे."

"कशाला?" ती ओरडली. "तुम्हाला जिना चढवतो का?"

दीड महिन्याने आदेश झाला. कुंपणातील फाटक काढावे आणि वाट खुली ठेवावी. आदेशात प्रत्येक खूण नावानिशी आली आहे, पाटलाची दमणूकसुद्धा. आबांनी तो माझ्याकडून तीनदा वाचवून घेतला. "म्हातारीचा दगड हाये?" "आहे." "शिक्का?" "आहे." ते म्हणाले, "मग तुमच्यापाशीच ठिवा. माज्या घरी वाचनारं कुनी न्हाई." सहली पुन्हा सुरू झाल्या. मार्गात आणखी एक खूण वाढली. दगडाच्या ज्या बाजूला मी बसलो होतो, तिला ते 'रायटरचा टेक' म्हणू लागले आणि प्रत्येक कागदावर ती लिहिण्याचा आग्रह धरू लागले. मी दरवेळी नाराजी दाखवीत असे आणि दरवेळी लिहीत असे. स्वतः आबा आता गडापर्यंत जात. निघण्यापूर्वी माझ्या टेबलाशी थांबून वाट सांगत, आणि उतरल्यावर एकसष्ट पावले मोजून येऊन 'आलो' म्हणत.

गेल्या थंडीत एके सकाळी ते आले. चेहरा उतरलेला होता. "भोरला दवाखान्यात जायाचंय. छातीचा फोटू काढत्यात. लिवा."

"आबा, दवाखान्यात जाण्यासाठी कागद कशाला?"

"नेम म्हंजी नेम."

मी लिहिले. प्रारंभ : तहसील कचेरीचे फाटक. मार्ग : यष्टीने विंझर, मार्गासनी, नसरापूर, चेलाडी, तेथे गाडी बदलून भोर.

"चेलाडीला वडाखाली हुबं ऱ्हायचं. ते लिवा."

'चेलाडीस वडाखाली उभे राहणे' असे मी लिहिले. परत येण्याची वेळ : सायंकाळची पाचची यष्टी. शेवटच्या रकान्याशी मी थांबलो, तेव्हा त्यांनी काठीचे टोक माझ्या छातीला लावले. मी माझे नाव लिहिले. ते आवक शाखेत गेले, शिक्का मारून आणला आणि प्रत माझ्या हातात दिली. "येतो, रायटरसायेब."

पाचची गाडी आली. तिच्यातून शाळेच्या काही मुली आणि एक बाजारकरू उतरले. मी सहाचीही पाहिली. रात्री भोरच्या दवाखान्यात फोन केला, तेव्हा त्यांना दाखल करून घेतल्याचे कळले. तिसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरच्या मावशी किटली न घेता टेबलाशी आल्या आणि बाकड्यावर बसल्या, तेव्हा आबा गेले, हे त्यांना तोंडाने सांगावे लागले नाही.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. तारीख आहे, शिक्का आहे, वड आहे. नावावर रेघ मारलेली नाही.